घर रिकामं करून घेण्याचे दोन रस्ते

गिरगाव-दादरकडच्या जुन्या इमारतींमध्ये एका खोलीचं भाडं महिन्याला दोन-तीनशे रुपये आणि त्याच जिन्यावरच्या दुसऱ्या खोलीचं तीस हजार, हे आजही सर्रास दिसतं. बोलण्यात दोघंही भाडेकरूच. पहिल्याला बाहेर काढायचं म्हटलं तर दावा मालकाच्या मुलापर्यंत चालू शकतो. दुसऱ्याची मुदत संपली की त्याला कोर्टात सांगण्यासारखं फारसं काही उरत नाही. एकाच राज्यात, एकाच कायद्याखाली हे असं का, ते समजायला पहिल्या महायुद्धापर्यंत मागे जावं लागतं.

मुंबईत भाड्यावर पहिला लगाम आला १९१८ मध्ये. युद्धाने महागाई वाढली होती, शहरात माणसं मावत नव्हती आणि मालक मन मानेल तसं भाडं मागत होते. तो कायदा तात्पुरता होता. मुदतवाढ घेत घेत तो पुढे संपला. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तीच वेळ आली आणि १९३९ व १९४४ मध्ये नवे कायदे झाले. त्यांच्या जागी १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला आणि १३ फेब्रुवारी १९४८ पासून तो लागू झाला. फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे शहरात येत होते, त्यामुळे त्याची गरज कोणी नाकारली नाही. हाही कायदा तात्पुरताच, पण आपल्याकडचं ‘तात्पुरतं’ किती टिकतं हे सांगायला नको. तो अर्धशतकाहून जास्त चालला.

या कायद्याने दोन गोष्टी केल्या. भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवलं, आणि ताबा मागण्याचा मालकाचा मोकळा हक्क काढून घेतला. भाडेकरू ठरलेलं भाडं देत असेल किंवा द्यायला तयार असेल तोवर त्याला काढता येणार नाही, हा नियम झाला. अपवाद कायद्यात मोजून लिहिले: भाडं थकवणं, जागेची नासधूस, मालकाच्या लेखी परवानगीशिवाय पक्कं बांधकाम, शेजाऱ्यांना उपद्रव, पोटभाडेकरू ठेवणं, जागा विनाकारण बंद ठेवणं, इमारत पाडून नवी बांधायची असणं आणि मालकाची स्वतःची खरीखुरी गरज. यातलं एखादं कारण कोर्टात सिद्ध झालं तरच हुकूमनामा, म्हणजे ताबा देण्याचा कोर्टाचा आदेश.

मग सुरू झाले डावपेच. काही मालक भाडं घ्यायलाच नकार देत, म्हणजे थकबाकी दिसावी. भाडेकरू दर महिन्याला मनिऑर्डर करत आणि ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून परत आलेल्या मनिऑर्डरी जपून ठेवत. धोबी तलावच्या स्मॉल कॉजेस कोर्टात, म्हणजे लघुवाद न्यायालयात, या पावत्यांनी कित्येक संसार वाचवले. उलट बाजूही होती. डोंबिवली-विरारला फ्लॅट घेऊन गिरगावातली खोली कुलूप लावून ठेवणारे भाडेकरू काही कमी नव्हते. अशा वेळी मालक विजेची बिलं काढून कोर्टापुढे ठेवी. सलग सहा महिने जागा वापरात नसेल आणि त्याला सबळ कारण नसेल तर ताबा जाऊ शकतो, आणि वापर नव्हता हे दाखवायला नगण्य युनिटांइतका बोलका पुरावा दुसरा नाही.

सर्वांत जास्त भांडण झालं ते मालकाच्या गरजेवर. ‘मुलाचं लग्न झालं, जागा पुरत नाही’ एवढं म्हणून भागत नाही. गरज वाजवी आणि प्रामाणिक हवी. शिवाय तुलनात्मक अडचणीची कसोटी लागते: हुकूमनामा दिला तर भाडेकरूला जास्त त्रास होईल, की नाकारला तर मालकाला? त्यामुळे दोन्ही घरांत माणसं किती, कोणाकडे दुसरी जागा आहे का, याच्या याद्या कोर्टात येतात. जागेचा काही भाग देऊन भागत असेल तर तेवढ्याचाच हुकूमनामा देता येतो. आपली गरज मालकालाच जास्त कळते, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेक निकालांत म्हटलं आहे, तरी तुलनेच्या या तराजूतून सुटका नाही. शिवाय जागा घेऊन मालक महिन्याभरात राहायला आला नाही, किंवा वर्षाच्या आत त्याने ती तिसऱ्यालाच भाड्याने दिली, तर जुना भाडेकरू ताबा परत मागू शकतो.

भाडं गोठलं, ताबा मिळेना, मग पैसा दुसऱ्या वाटेने गेला. पागडी घेणं १९४७ च्या कायद्याने गुन्हा होता आणि तरीही मुंबईत उघड गुपित म्हणून ती चालली. जाणारा भाडेकरू येणाऱ्याकडून रक्कम घेई, त्यातला सुमारे तिसरा हिस्सा मालकाला मिळे आणि मालक नव्या नावाने भाडेपावती फाडी. दुरुस्ती मात्र कोणी करेना. इमारती कोसळू लागल्या तेव्हा १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा करून उपकर बसवावा लागला. मुंबईच्या उपकरप्राप्त इमारती म्हणतात त्या याच.

दुसरी पळवाट लिव्ह अँड लायसन्सची. लायसन्स म्हणजे नुसती वापराची परवानगी, भाडेपट्टा नव्हे. म्हणून भाडेकायद्याचं संरक्षण नाही. १९५९ मध्ये एका हॉटेलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की कागदावर काय नाव लिहिलंय ते निर्णायक नाही, दोघांचा खरा हेतू पाहायचा. तरी सोसायट्यांतल्या फ्लॅटमालकांनी लायसन्सचाच आधार घेतला. १९७३ मध्ये विधिमंडळाने त्यांना धक्का दिला. १ फेब्रुवारी १९७३ रोजी ज्याचं लायसन्स चालू होतं, तो एका दुरुस्तीने थेट भाडेकरू झाला. (पोटभाडेकरूंना असंच अभय १९५९ मध्येही मिळालं होतं.) माझ्या मते मुंबईतल्या मालकांच्या मनात भाडेकरूबद्दलची भीती घट्ट बसली ती इथे. परदेशी गेलेल्यांनी घरं बंद ठेवणं पसंत केलं. उद्या आणखी एक दुरुस्ती झाली तर, हा हिशेब त्यामागे होता. ही भीती घालवायला सरकारलाच पुढे यावं लागलं आणि १९८७ च्या दुरुस्तीने लायसन्सची मुदत संपल्यावर घर लवकर परत मिळवण्याची वेगळी वाट खुली झाली.

गोठलेल्या भाड्याचा प्रश्न शेवटी सर्वोच्च न्यायालयात पोचला. डिसेंबर १९९७ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की १९४० चं भाडं कायम धरणाऱ्या तरतुदी काळाच्या ओघात मनमानी आणि अवाजवी झाल्या आहेत. कायद्याची मुदत मार्च १९९८ मध्ये संपायची होती म्हणून त्या तेव्हाच्या तेव्हा रद्द केल्या नाहीत. कायद्याला पुन्हा मुदतवाढ मिळाली, आणि ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू झाला.

मुंबईबाहेरच्यांना या कायद्याचं वेगळंच महत्त्व. तोवर राज्यात तीन राजवटींचे तीन कायदे चालत होते. पश्चिम महाराष्ट्रात १९४७ चा, विदर्भात मध्य प्रांत व वऱ्हाडचा १९४९ चा आदेश, मराठवाड्यात हैदराबादचा १९५४ चा कायदा. नागपुरातल्या मालकाला तर नोटीस देण्याआधीच रेंट कंट्रोलरची परवानगी काढावी लागे. हे तिन्ही एकत्र केले गेले. गोव्यात मात्र १९६८ चा आपला वेगळा कायदा आहे.

नव्या कायद्याने पागडी अधिकृत केली, भाड्यात दरवर्षी ४ टक्के वाढ दिली आणि १ कोटी किंवा जास्त भरणा भांडवल असलेल्या कंपन्यांचं, बँकांचं संरक्षण काढलं. जुन्या भाडेकरूला काढण्याची कारणं जवळपास तीच राहिली. थकबाकीचा दावा लावायचा तर आधी लेखी नोटीस द्यायची आणि ९० दिवस थांबायचं. एवढं करूनही, समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत भाडेकरूने थकबाकी १५ टक्के सरळ व्याजासह आणि खर्चासह कोर्टात भरली, आणि पुढे नियमित भरत राहिला, तर घर वाचतं.

लायसन्सवर दिलेल्या घराचं गणित साधं आहे. कलम २४ प्रमाणे राहण्यासाठी दिलेल्या घराची मुदत संपली की मालकाने सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा अर्जांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करायचा. राहणाऱ्याने ३० दिवसांत शपथपत्र देऊन बाजू मांडण्याची परवानगी मिळवली नाही, तर मालकाचं म्हणणं मान्य धरलं जातं. वर जितके दिवस ठिय्या तितक्या दिवसांचं दुप्पट शुल्क. दुकानाला, ऑफिसला ही सोय नाही. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी कलम ५५ ने मालकावर टाकली आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कागद नसेल तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं मानलं जातं. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, हा समज नोंदणी कायद्यातल्या एका वर्षाच्या नियमातून आला. महाराष्ट्रात तो चालत नाही.

आणि या दोन रस्त्यांखेरीज तिसरा नाही. कुलूप बदलणं, सामान जिन्यात टाकणं, पाणी-वीज तोडणं हे जुन्या भाडेकरूच्या बाबतीत बेकायदेशीर आहेच. मुदत संपलेल्या लायसन्सधारकालाही मालकाने स्वतः उचलून बाहेर काढायचं नाही, प्राधिकाऱ्याकडेच जायचं. जबरदस्तीने ताबा गेलेल्या माणसाला १९६३ च्या विशिष्ट साहाय्य कायद्याखाली सहा महिन्यांत दावा लावून तो परत मागता येतो, आणि त्या दाव्यात घर कोणाच्या मालकीचं हा प्रश्नच येत नाही.

केंद्राने २ जून २०२१ रोजी आदर्श भाडेकरार कायद्याला मंजुरी दिली. घरासाठी दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट नाही, मुदतीनंतर राहिल्यास पहिले दोन महिने दुप्पट आणि पुढे चौपट भाडं, स्वतंत्र भाडे न्यायालय, असा त्याचा साचा आहे. तो स्वीकारायचा की नाही हे राज्यांनी ठरवायचं आहे. त्यातली डिपॉझिटची मर्यादा मुंबई-पुण्यातल्या भाडेकरूंना नक्कीच आवडेल. दुप्पट आकारणी मात्र इथे कलम २४ मध्ये आधीपासूनच आहे, आणि हा साचा नव्या करारांपुरता असल्यामुळे पागडीच्या खोल्यांना तो हात लावत नाही.