वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेनंतरचा आहार व दिनक्रम (खान्देश)

जठर लहान करून वजन उतरवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर खाण्यापिण्याची जी नवी घडी बसवावी लागते ती. बोलण्यात या शस्त्रक्रियेला ‘पोट लहान करायचं ऑपरेशन’ म्हणतात आणि ते नाव बरेच नेमके आहे. ‘चरबी काढायचं ऑपरेशन’ हे दुसरे नाव मात्र फसवे. त्वचेखालची चरबी शोषून घेणे हा निराळाच प्रकार. इथे चरबीला कोणी हात लावत नाही. ती पुढच्या वर्ष-दीड वर्षात खाणे घटल्यामुळे झडते. म्हणून टाके सुकले की काम संपले असे होत नाही, खरे काम तिथून स्वयंपाकघरात सुरू होते.

प्रचलित प्रकार दोन. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची नळी शिल्लक ठेवतात. ही केळ्याची उपमा जगभरचे डॉक्टर देतात. जळगावात ती समजावून सांगावी लागत नाही. काढलेल्या भागात जठराचा वरचा फुगीर कोपरा जातो आणि भूक जागवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः तिथेच तयार होत असते. त्यामुळे पहिले काही महिने भूकच लागत नाही, जेवणाची आठवण घड्याळाने करून द्यावी लागते. दुसरा प्रकार बायपासचा. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाचे शल्यविशारद एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये त्याची सुरुवात केली. आजच्या पद्धतीत जठराच्या वरच्या टोकाशी साधारण ३० मिलिलिटरची पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. अन्न आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून पुढे जाते. तिथेच शोषली जाणारी लोह आणि कॅल्शियमसारखी द्रव्ये मग कमी पडतात.

पहिले दोन महिने : पहिले एक-दोन दिवस पाणी, डाळीची निवळ, नारळपाणी. त्यानंतर दोन आठवडे दूध, पातळ ताक, गाळलेले वरण आणि प्रथिनांची पावडर. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घोटलेले अन्न, पुढे दोन-चार आठवडे मऊ अन्न, आणि दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस नेहमीचे जेवण. हे आठवडे रुग्णालयागणिक थोडे मागेपुढे होतात आणि ज्याने शस्त्रक्रिया केली त्याचेच वेळापत्रक पाळायचे असते. घोटलेल्या अन्नासाठी खान्देशी घराला नवे काही शिकावे लागत नाही. उडदाची डाळ इथे घोटूनच खातात. फक्त वरची लसूण-मिरचीची फोडणी आणि तेलाचा तवंग वगळायचा. अंडे, पनीर, दही मऊ अन्नाच्या टप्प्यात येते. भरीत मऊ असले तरी घाई नको. जळगावच्या हिरव्या वांग्यापेक्षा त्यातल्या मिरचीचा आणि तेलाचाच त्रास अधिक.

दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिने पोटात जायला हवीत. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणात त्याच्या आसपास. आणि सुरुवातीला वाटी कुठली, पाव वाटीलाच पोट भरते. हा हिशेब डाळीवर जुळत नाही म्हणून पावडर लिहून देतात. ती ‘जिमची पावडर’ म्हणून घरची वडीलधारी मंडळी डब्यासकट कपाटावर टाकतात, तेव्हा हाच हिशेब त्यांच्यापुढे मांडावा.

ताटाचा क्रम : खान्देशात भाकरी हेच जेवण, बाकी सगळे तोंडी लावणे. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी मध्ये, कडेला डाळ, भाजी, ठेचा. शस्त्रक्रियेनंतर हे ताट उलटे करावे लागते. आधी डाळ, अंडे, पनीर किंवा मासळी, मग भाजी, आणि जागा उरली तर भाकरीचा चतकोर, बहुतेकदा तीही उरत नाही. आयुष्यभर ज्याने भाकरीच्या तुकड्यानेच डाळ उचलली त्याला चमच्याने नुसती डाळ खाणे हे आजारपण वाटते. आहारातला सगळ्यात अवघड बदल बहुधा हाच. गोड सोडणे त्यापेक्षा सोपे.

दुसरी सवय घास चावण्याची. एक घास वीस-पंचवीस वेळा चावून, चमचा खाली ठेवून, मग दुसरा. वरण-बट्टीवर याची परीक्षा होते. बट्टी आधी उकडून, मग कापून तळलेली, बाहेरून खडबडीत. अर्धवट चावलेला तिचा तुकडा नव्या जठराच्या तोंडाशी अडला की छातीच्या मधोमध दाब येतो, तोंडाला फेसाळ लाळ सुटते, बोलता येत नाही आणि माणूस पंगतीतून उठून मोरीकडे जातो. अशा वेळी वरून पाणी ओतले तर दाब वाढतो. उभे राहावे, थांबावे. घास खाली उतरतो किंवा उलटून येतो. तासा-दोन तासांत सुटले नाही, थुंकीही गिळवेना झाली, तर डॉक्टरकडे जावे.

पाणी आणि ऊन : जेवण आणि पाणी वेगळे ठेवतात. जेवताना नाही, आणि जेवल्यावर अर्धा तास नाही. उरलेल्या वेळात दीड ते दोन लिटर, तेही घोटाघोटाने. वैशाखात भुसावळ-जळगावकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. शेतातून आल्यावर माठातला तांब्या उभ्या उभ्या रिचवायची सवय इथे मोडते, कारण शंभर मिलिलिटरही एका दमात मावत नाही. बाटलीवर पेनाने तासातासाच्या खुणा करणे हा साधा उपाय चांगला चालतो. लघवी गडद पिवळी झाली की पाणी कमी पडले असे समजावे. शक्य असेल तर शस्त्रक्रियेची तारीख उन्हाळ्याबाहेरची घ्यावी, हे कोणत्याही पत्रकात छापलेले नसते.

डम्पिंग : बायपासनंतर अधिक आणि स्लीव्हनंतर कमी दिसणारा त्रास. साखरेचा घट्ट पदार्थ पटकन लहान आतड्यात उतरतो, तिथे शरीरातले पाणी ओढले जाते आणि दहा ते तीस मिनिटांत पोटात कळ, धडधड, घाम, जुलाब सुरू होतात. दुसरा झटका एक ते तीन तासांनी येतो : इन्सुलिन जास्त सुटून रक्तातली साखर घसरते, हातपाय थरथरतात, भोवळ येते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमरस आणि खापरावरचे मांडे, दोन्ही साखरेचे. त्यात दिवस भर उन्हाचे. मग आमरसानंतर घाम फुटून आडव्या झालेल्या बाईला ‘ऊन लागलं’ म्हणून साखरपाणी दिले जाते, आणि पहिल्या प्रकारच्या झटक्यात ते आगीत तेल ठरते. म्हणून पिकलेले केळेही विषासारखे टाळायला हवे असे नाही. अर्धे, हळूहळू आणि डाळ-दह्यासारख्या प्रथिनानंतर खाल्ले तर बहुतेकांना चालते.

गोळ्या : बी-१२, लोह, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम या गोळ्या जन्मभराच्या. लोह आणि कॅल्शियममध्ये किमान दोन तासांचे अंतर ठेवतात, आणि लोहाची गोळी चहाबरोबर घेत नाहीत. माळकरी आणि इतर शाकाहारी घरांत बी-१२ आधीच कमी असण्याची शक्यता असते, तिथे इंजेक्शन लागू शकते. सतत उलट्या होत असतील तर थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) कमी पडून मज्जातंतूंना इजा होऊ शकते, म्हणून उलट्या ‘आपोआप थांबतील’ म्हणून अंगावर काढायच्या नाहीत. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात अनेकांचे केस मूठमूठ गळतात. ते बहुधा परत येतात. अंगदुखीसाठी दुकानातून सुटी मिळणारी डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी, तसेच बिडी-सिगारेट, यांनी जठर आतड्याला जिथे जोडले त्या जागी व्रण होऊ शकतो. दारू पूर्वीपेक्षा लवकर आणि जास्त चढते. गर्भधारणा साधारण १२ ते १८ महिने टाळण्याचा सल्ला देतात. शस्त्रक्रियेसाठी अनेक जण नाशिक, सुरत, इंदूर किंवा मुंबई गाठतात. मात्र तीन, सहा आणि बारा महिन्यांची व पुढे दरवर्षीची रक्ततपासणी जिल्ह्याच्या गावीही होऊ शकते, आणि गाडीभाड्याच्या कंटाळ्याने हीच राहून जाते.

उपवास : पहिल्या वर्षात कडक उपवास टाळतात. साबुदाण्यात प्रथिने नावालाच असतात. एकादशी मोडायची नसेल तर दूध, दही आणि दाण्याची पातळ आमटी यांवर निभावते.

वजन परत चढणे : दीड वर्षानंतर काही किलो परत येणे सर्वसाधारण आहे. जास्त येते ते सुळकन उतरणाऱ्या पदार्थांमुळे. उकडलेले अंडे दोन घासांत पोट भरते. रश्श्यात भिजून मऊ झालेली शेवभाजीतली शेव मात्र वाटीभरही सहज जाते, कारण ती अडत नाही. ‘जे अडत नाही ते चालते’ ही अनेकांची समजूत इथेच घात करते.

पंगत आणि आग्रह : ‘पोट भरलं पण मन भरलं नाही’ हे वाक्य शस्त्रक्रियेनंतर शब्दशः खरे होते. त्यात व्याह्यांकडचे लग्न असेल तर वाढपी ‘आखो ल्या ना, भाऊ’ (अजून घ्या ना, भाऊ) म्हणत पातोडीची, म्हणजे बेसनाच्या वड्यांच्या रश्श्याची, बादली घेऊन उभाच. ऑपरेशनची हकिगत पंगतीत सांगायची इच्छा बहुतेकांना नसते, आणि पानावर टाकणे तर त्याहून वाईट. अनुभवी माणसे वाढायला सुरुवात होताच पानावर हात आडवा धरतात, पातोडीच्या दोन वड्या आणि थोडी डाळ एवढेच घेतात आणि चावत बसतात. एवढे संपायला वीस मिनिटे लागतात. तेवढ्यात बाकीच्यांच्या बट्ट्या संपतात आणि पंगत एकदमच उठते.