स्टोअर ब्रँडचा न खपलेला माल क्लोजआउट दुकानात कसा पोचतो

क्लोजआउट म्हणजे दुसऱ्याने काढून टाकलेला पण नवाकोरा माल एकगठ्ठा उचलायचा आणि स्वस्तात विकायचा, असा धंदा. अमेरिकेत तो चांगलाच मोठा आहे. ऑलीज बार्गेन आउटलेट, ओशन स्टेट जॉब लॉट, खाण्यापिण्याच्या मालासाठी ग्रोसरी आउटलेट ही त्यातली ठळक नावं, आणि कपड्यांकडे जास्त झुकलेली टीजे मॅक्स, मार्शल्स, रॉस ही दुकानं त्यांची जवळची भावंडं, त्यांना तिकडे ऑफ-प्राइस म्हणतात. या दुकानांत मोठ्या ब्रँडचा माल येतो हे सगळ्यांना माहीत असतं. पण बारकाईने बघितलं तर तिथे दुसऱ्याच एखाद्या साखळी दुकानाचा स्वतःचा ब्रँडही दिसतो, कधी लेबल कापलेलं, कधी बारकोडवर काळ्या मार्करची रेघ मारलेली. हा माल तिथे कसा आला, ते इथे बघायचंय.

स्टोअर ब्रँड म्हणजे दुकानाने स्वतःच्या नावाने किंवा स्वतःच्या मालकीच्या नावाने बनवून घेतलेला माल. टार्गेट या मोठ्या अमेरिकन साखळी दुकानाचे थ्रेशोल्ड, रूम इसेन्शियल्स, कॅट अँड जॅक, गुड अँड गॅदर, वॉलमार्टचे ग्रेट व्हॅल्यू, मेनस्टेज, इक्वेट, कॉस्टकोचं कर्कलंड सिग्नेचर हे सगळे स्टोअर ब्रँड. टार्गेटची अशा स्वतःच्या ब्रँडची विक्री वर्षाला सुमारे ३० अब्ज डॉलरच्या घरात गेलेली आहे, म्हणजे एकूण धंद्याचा साधारण तिसरा हिस्सा, त्यामुळे यातला अगदी थोडा माल जरी राहिला तरी तो थोडा नसतो.

परत कुणाला पाठवणार?

सगळी गोष्ट या एका अडचणीतून सुरू होते. टाइडसारखा नावाजलेल्या कंपनीचा साबण खपला नाही तर दुकानदाराला त्या कंपनीशी बोलता येतं, कंपनी कधी माल परत घेते, कधी किंमत उतरवायला पैसे देते (या पैशांना त्या धंद्यात मार्कडाउन मनी म्हणतात), कधी पुढच्या बिलात वळतं करून देते. स्टोअर ब्रँडला हे दार बंद असतं. डिझाइन दुकानाने ठरवलेलं, रंग दुकानाने निवडलेला, किती नग लागतील तो अंदाज दुकानाचा, आणि बहुतेक करारांत माल जहाजावर चढला की मालकीही दुकानाचीच होते, कारखान्याचा हिशेब तिथे संपतो. जास्तीचा नफा हवा म्हणून दुकान मधला ब्रँडवाला काढून टाकतं हे खरं, पण त्या ब्रँडवाल्याच्या डोक्यावर जी जोखीम असायची तीही मग दुकानाच्याच डोक्यावर येते. स्टोअर ब्रँडच्या स्वस्ताईचं कौतुक करताना ही बाजू कुणी फारशी सांगत नाही, आणि क्लोजआउटवाल्यांचा बराचसा धंदा याच बाजूवर चालतो.

माल का राहतो याची कारणं तशी साधी आहेत. आशियातून येणाऱ्या मालाची ऑर्डर कित्येक महिने आधी द्यावी लागते, म्हणजे दिवाळीच्या सुमारास बसून पुढच्या उन्हाळ्यात लोक बागेत बसायला कुठल्या रंगाची खुर्ची घेतील ते सांगायचं, आणि ते चुकतंच. सीझन संपतो, पॅकिंग बदलतं. कधी आख्खा ब्रँडच बंद होतो, जसं टार्गेटने २०१९ मध्ये गुड अँड गॅदर आणलं आणि आधीचा आर्चर फार्म्स हा खाण्याचा ब्रँड हळूहळू काढून टाकला, आता अशा वेळी जुन्या पाकिटातला माल उत्तम असला तरी नव्या पाकिटाशेजारी तो शेल्फवर ठेवता येत नाही.

आणि कधी सगळ्यांचा अंदाज एकदम चुकतो. २०२२ ची गोष्ट अजून ताजी आहे. कोविडच्या काळात लोकांनी घरसामान, टीव्ही, बागेतलं फर्निचर भरभरून घेतलं, दुकानांनी तेच गृहीत धरून ऑर्डरी दिल्या, त्यातला बराच माल बंदरांतल्या गोंधळामुळे उशिरा पोचला, आणि तोवर लोक प्रवासाला आणि हॉटेलात जेवायला बाहेर पडले होते. त्या वर्षीच्या पहिल्या तिमाहीअखेर टार्गेटचा साठा आदल्या वर्षीपेक्षा ४३ टक्के जास्त होता, वॉलमार्टचा साधारण एक तृतीयांश जास्त. जूनमध्ये टार्गेटने जाहीरच करून टाकलं की आम्ही किमती उतरवतोय, ऑर्डरी रद्द करतोय आणि जास्तीचा माल काढतोय, त्यानंतरच्या तिमाहीत त्यांचा नफा जवळपास ९० टक्क्यांनी घसरला. क्लोजआउट आणि ऑफ-प्राइसवाल्यांना मात्र त्या काळात मालाची ददात नव्हती.

पायरी पायरीने खाली

न खपलेला माल थेट क्लोजआउटला जात नाही, आधी दुकान स्वतः प्रयत्न करतं. किंमत टप्प्याटप्प्याने उतरते, माल गल्लीच्या टोकाच्या शेल्फवर क्लिअरन्सचं स्टिकर लावून येतो, आणि ठराविक तारखेला तो शेल्फवरून काढतात कारण ती जागा पुढच्या सीझनला हवी असते. अशा काढलेल्या मालाला शेल्फ पुल म्हणतात. त्याच्यावर स्टिकरं असतात, एखादं खोकं चेपलेलं असतं, सगळे साइझ शिल्लक नसतात. जो माल गोदामातून दुकानापर्यंत गेलाच नाही तो ओव्हरस्टॉक, आणि क्लोजआउटवाल्यांना तोच सगळ्यात जास्त आवडतो कारण सीलबंद खोकी, एकसारखा माल, मोजायला सोपा.

मग एक वाट दानाची. टार्गेट वर्षानुवर्षं आपला उरलेला माल गुडविल या संस्थेच्या दुकानांना देत आलंय, खाण्याचा माल फूड बँकांना जातो. यात चांगुलपणा आहेच पण करही आहे, अमेरिकन करकायद्यात गरजू, आजारी किंवा लहान मुलांच्या उपयोगासाठी साठ्यातला माल दान केला तर कंपनीला खरेदी किमतीपेक्षा जास्त, कमाल तिच्या दुप्पट इतकी वजावट मिळू शकते. त्यामुळे लिक्विडेटरने म्हणजे उरलेला माल एकगठ्ठा उचलणाऱ्याने देऊ केलेला भाव अगदीच पडेल असेल तर दान करणं हिशेबातही बसतं.

दुसरी वाट विक्रीची. इथे दोन प्रकार पडतात आणि त्यांत बरीच गल्लत होते म्हणून नीट सांगतो. मोठा, एकसारखा साठा असेल तर दुकानाचा माणूस क्लोजआउट साखळीच्या बायरला म्हणजे खरेदी करणाऱ्या माणसाला थेट फोन करतो, दोघांची वर्षानुवर्षांची ओळख असते, भाव फोनवर ठरतो आणि ट्रकच्या ट्रक उचलले जातात. बायरची खरी किंमत इथेच, आज बघितलं आणि आज हो म्हटलं, पैसे वेळेवर दिले, आणि कुठे विकायचं यावर जे ठरलं ते पाळलं, तर पुढचा फोन परत त्यालाच येतो. उलट मिसळ माल, ग्राहकांनी परत केलेला माल, तुटकी खोकी असं सगळं पॅलेटवर रचून प्लॅस्टिक गुंडाळून लिलावात जातं. बी-स्टॉक, लिक्विडिटी सर्व्हिसेस अशा कंपन्या हे लिलाव ऑनलाइन चालवतात, सोबत मॅनिफेस्ट म्हणजे मालाची यादी असते किंवा कधी नसतेही, आणि घेणारे छोटे दुकानदार, आठवडी बाजारवाले, बिन स्टोअरवाले असतात. बिन स्टोअरमध्ये सगळा माल मोठ्या पेट्यांत ओततात आणि भाव रोज खाली येतो, माल भरला त्या दिवशी सगळ्यात महाग, आठवड्याच्या शेवटी डॉलर-दोन डॉलर.

भावाचा अंदाज यावा म्हणून एक बनवलेलं उदाहरण. समजा दुकानात २० डॉलरला विकायची चादर दुकानाला गोदामापर्यंत ८ डॉलरला पडली. क्लोजआउटवाला ४ डॉलरला उचलतो आणि ९ ला विकतो. दुकानाचे प्रत्येक चादरीमागे ४ डॉलर गेले, तरी ते विकतं, कारण गोदामाचं भाडं चालू असतं, पैसा अडकलेला असतो, आणि चादर अजून सहा महिने ठेवली तर ४ सुद्धा येणार नाहीत.

नावाचं काय करायचं

आता खरा पेच. अमेरिकेत एकदा रीतसर विकलेला अस्सल माल पुढे विकायला ट्रेडमार्कवाल्याची परवानगी साधारणपणे लागत नाही. म्हणजे कायदा क्लोजआउटवाल्याला अडवत नाही. अडवतो तो करार. दुकानाला नको असतं की आपल्याच नावाची चादर रस्त्यापलीकडच्या दुकानात निम्म्या भावात लटकावी, म्हणून विकतानाच अटी घालतात, लेबल कापा, टॅग काढा, बारकोड खोडा, जाहिरातीत आमचं नाव घेऊ नका, अमुक राज्यात विकू नका, कधी तर देशाबाहेरच न्या. बारकोड खोडण्यामागे अजून एक व्यवहारी कारण आहे, तोच माल उचलून मूळ दुकानात पूर्ण किमतीला परत करायचा प्रयत्न लोक करतात, रेघ मारली की ते जमत नाही.

हे काम हाताने करावं लागतं आणि त्याला पैसे पडतात. शर्टाचं लेबल कात्रीने कापता येतं, पण डब्यावर छापलेलं नाव कसं काढणार, म्हणून खाण्याचा आणि घरसामानाचा स्टोअर ब्रँड बऱ्याचदा नावासकट दिसतो आणि कपडे बिननावाचे. ज्या ब्रँडचं नाव दुकानाच्या नावापेक्षा वेगळं असतं त्याला जरा सूट मिळते, कारण थ्रेशोल्ड वाचून सगळ्यांनाच टार्गेट आठवतं असं नाही.

जुनी मुळं

हे सगळं नवीन नाही. बॉस्टनमध्ये एडवर्ड फिलीनने १९०९ मध्ये आपल्या दुकानाच्या तळघरात वरच्या मजल्यांवर न खपलेला माल विकायला सुरुवात केली आणि नियम भिंतीवर लावून टाकला, १२ दिवसांनी पाव किंमत कमी, १८ दिवसांनी निम्मी, २४ दिवसांनी पाऊणपट कमी, आणि ३० दिवसांनी उरलं तर दान. पुढे तिथे दुसऱ्या दुकानांचाही माल येऊ लागला. मला या सगळ्या इतिहासात हा नियम सगळ्यात आवडतो, कारण आजची क्लिअरन्सची कॉम्प्युटरची गणितं मुळात हेच करतात, फरक इतकाच की फिलीनने ते गिऱ्हाइकाला आधीच सांगून टाकलं होतं.

ऑलीजचं पहिलं दुकान १९८२ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या मेकॅनिक्सबर्गला निघालं आणि आज त्यांची दुकानं ५०० च्या पुढे आहेत. ओहायोतला बिग लॉट्स त्याहून जुन्या घराण्याचा, सोल शेंक या माणसाने उभा केलेला, हाच माणूस डीलोरियन कार कंपनी बुडाल्यावर तिच्या न खपलेल्या गाड्याच उचलून मोकळा झाला होता. पण बिग लॉट्सचं पुढे वेगळंच झालं. क्लोजआउटचा वाटा कमी होत गेला, नेहमीचा मागवलेला माल आणि फर्निचर वाढलं, ब्रॉयहिलसारखे स्वतःचे ब्रँड आले, म्हणजे दुसऱ्यांची उरलेली जोखीम विकत घेणारं दुकान स्वतःच ती जोखीम डोक्यावर घेऊन बसलं. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांनी दिवाळखोरीचा अर्ज केला. रिकाम्या झालेल्या त्यांच्या बऱ्याच जागा मग ऑलीजनेच घेतल्या.

बेड बाथ अँड बियाँडचा धडा

स्टोअर ब्रँडची जोखीम किती मोठी असते ते बेड बाथ अँड बियाँड या घरसामानाच्या अमेरिकन साखळीत दिसतं. २०१९ च्या शेवटी टार्गेटमधून आलेल्या मार्क ट्रिटन यांनी सूत्रं घेतली आणि २०२१ पासून नेस्टवेल, हेवन, वाइल्ड सेज, स्टुडिओ थ्रीबी, अवर टेबल असे एकामागून एक स्वतःचे ब्रँड आणले. गिऱ्हाइक मात्र तिथे ओळखीची नावं शोधत यायचं. जून २०२२ मध्ये ट्रिटन गेले, ऑगस्टअखेर कंपनीने नऊपैकी तीन ब्रँड बंद करायचं जाहीर केलं, एप्रिल २०२३ मध्ये दिवाळखोरी. नाव आणि वेबसाइट ओव्हरस्टॉक नावाच्या ऑनलाइन विक्री कंपनीने २ कोटी १५ लाख डॉलरला घेतली, आणि माल दुकानं बंद होण्याच्या सेलमध्ये गेला. असं दुकान बुडतं तेव्हा लेबल कापायची अट घालायला कुणी फारसं उत्सुक उरत नाही, त्यामुळे बुडालेल्या साखळीचा स्टोअर ब्रँड बाजारात नावासकट फिरताना दिसतो.

कारखान्याकडून येणारा माल

आणखी एक वाट उलट्या टोकाकडून, म्हणजे कारखान्याकडून सुरू होते. ऑर्डर रद्द झाली, तपासणीत लॉट नापास झाला, किंवा कारखान्याने तुटीच्या हिशेबाने चार टक्के जास्त शिवले, तर माल कारखान्यातच राहतो आणि त्यावर नाव दुकानाचं. परवानगी मिळाली तर तो लेबल काढून विकला जातो. आपल्याला हे चांगलं ओळखीचं आहे, मुंबईच्या फॅशन स्ट्रीटवर वर्षानुवर्षं एक्स्पोर्ट सरप्लस म्हणून जे मिळत आलं त्यात तिरुपूरसारख्या ठिकाणच्या कारखान्यांतला असाच माल असायचा, कापलेल्या लेबलसकट (नकलीही त्यातच मिसळलेल्या, हे सांगायला हवं).

सगळाच माल असा खाली सरकवता येत नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये टार्गेटने जाहीर केलं की मुंबईत मुख्यालय असलेल्या वेलस्पनने पुरवलेल्या साडेसात लाख चादरी आणि उशांचे अभ्रे इजिप्शियन कॉटनचे म्हणून विकले गेले पण ते तसे नव्हते. टार्गेटने उरलेला माल काढून घेतला, ग्राहकांना पैसे परत दिले, आणि वेलस्पनशी व्यवहार थांबवला. लेबलावर लिहिलेलंच चुकीचं असेल तर त्या लेबलासकट माल स्वस्तात विकणंही चुकीचंच ठरतं.

घेणाऱ्याने काय बघावं

क्लोजआउटच्या टॅगवर मोठ्या दुकानातली किंमत आणि आमची किंमत अशी तुलना असते. नावाजलेल्या ब्रँडची किंमत चार ठिकाणी पडताळता येते. स्टोअर ब्रँड मात्र एकाच साखळीत विकला जातो, त्याची मूळ किंमत त्या एकाच दुकानाने ठरवलेली, आणि तीही कदाचित तिथे फार काळ चाललीच नाही म्हणून तर माल इथे आला. म्हणून ती वरची किंमत सोडून द्या, कापड हातात घेऊन बघा, धाग्यांची संख्या आणि कापसाचा प्रकार वाचा, आणि दुसऱ्या कुठल्याही चादरीशी तुलना करा. अमेरिकेत नव्याने घर मांडणारी आपली मुलं या दुकानांत जातात आणि खरंच चांगल्या वस्तू मिळतात, चांगला टॉवेल लेबल कापल्याने वाईट होत नाही.

परत करायची सोय मूळ दुकानात नसते, क्लोजआउटवाल्याचा नियम लागू होतो. खाण्याच्या मालावर तारीख बघावी. लहान मुलांच्या आणि विजेच्या वस्तूंचं मॉडेल नंबर टाकून रिकॉल आहे का, म्हणजे धोक्यामुळे ती वस्तू परत मागवली आहे का ते तपासावं, २००८ च्या कायद्याने रिकॉल झालेली वस्तू विकणं तिथे बेकायदा आहे, तरीही ती चुकून शेल्फवर येते, २०२२ मध्ये टीजे मॅक्सच्या मूळ कंपनीला याच कारणासाठी १ कोटी ३० लाख डॉलर दंड भरावा लागला. लेबल कापलेल्या मालात मॉडेल नंबरच गेलेला असेल तर ही तपासणी करता येत नाही, तेव्हा बाळाची खुर्ची किंवा हीटर अशी बिननावाची घेऊ नये, चादरी-टॉवेल बिनधास्त घ्यावेत.