हस्तकला-प्रदर्शनातील क्यूआर कोड : गोवा

प्रदर्शनात, संग्रहालयात किंवा विक्रीदालनात मांडलेल्या हातबनावटीच्या वस्तूजवळ चौकोनी संकेत लावून मोबाईलच्या कॅमेऱ्यामार्फत त्या वस्तूची माहिती पाहणाऱ्यापर्यंत पोचवण्याची पद्धत. कला व संस्कृती संचालनालयाच्या लोकोत्सवासारख्या मेळ्यात कारागीर स्वतः मालाजवळ बसलेला असतो, विचारले की सांगतो. तिथे कोड नसला तरी फारसे अडत नाही. तो उपयोगी पडतो कारागीर जवळ नसतो तिथे : हस्तकला महामंडळाच्या दालनात, संग्रहालयातल्या काचेमागे, हॉटेलच्या लॉबीत.

क्यूआर कोड १९९४ साली जपानमधील डेन्सो समूहात मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार केला. पेटंट असूनही कंपनीने त्याचा वापर सर्वांना खुला ठेवला. २००० साली त्याला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. तीन कोपऱ्यांतल्या मोठ्या चौकटींमुळे कॅमेऱ्याला कोड कुठे आहे आणि कोणत्या बाजूला वळला आहे हे कळते. खराब झालेला भाग भरून काढण्याच्या, म्हणजे दुरुस्तीच्या, चार पातळ्यांपैकी सर्वांत वरची निवडली, तर सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी कोड वाचला जातो.

गोव्यातल्या वस्तूंपैकी कुणबी कापडाला या पद्धतीचा सर्वाधिक फायदा होतो. तांबड्या चौकड्यांचे हे सुती लुगडे घडी घालून ठेवले की टेबलक्लॉथपेक्षा वेगळे दिसत नाही. ते आखूड का नेसतात, खांद्यावर गाठ कशी मारतात, शेतात वाकून काम करताना ती नेसण सोयीची का पडते, हे अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितीत दिसते. छापील पाटीवर चार ओळींतही नीट सांगता येत नाही. फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स (१९६०–२०२०) यांनी हे विणकाम पुन्हा चर्चेत आणल्यानंतर त्याच्या नव्या आवृत्त्या पुष्कळ निघाल्या. त्यामुळे जुना नमुना कोणता आणि आजची मांडणी कोणती, हे कोडवरून उघडणाऱ्या पानावर स्वच्छ लिहिणे गरजेचे झाले आहे.

कावी कलेची अडचण निराळी. जांभ्या मातीचा तांबडा रंग मिसळलेला चुन्याचा थर भिंतीवर चढवायचा आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा थर उघडा करायचा, असे हे काम. भिंत काही दालनात आणता येत नाही. प्रदर्शनात असतो तो आजच्या कलाकाराने फळीवर केलेला नमुना. कोडवरून मोरजीच्या मोरजाई मंदिरासारख्या जागची छायाचित्रे उघडली, की हे चित्र मुळात देवळाच्या भिंतीचे होते हे लक्षात येते. अझुलेजू या पोर्तुगीज वळणाच्या रंगवलेल्या टाइल्सचेही तसेच : पणजीतल्या इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझामधील १९३५ सालचे निळे-पांढरे भित्तिफलक पाहिल्यावर दुकानातली नावाची टाइल कोणत्या परंपरेतली ते समजते. कुंकळ्ळीच्या चितारी कारागिरांचे लाखकाम, डिचोलीची मातीची भांडी, बांबूची सुपे आणि रोवळ्या यांच्यासाठी मात्र घडणीची चित्रफीत पुरेशी होते. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून रंग बसतो. हे एकदा पाहिलेला माणूस सहसा किमतीवरून हुज्जत घालत नाही.

सगळा मजकूर कोडमध्येच भरावा, असा मोह होतो. युनिकोडमधले देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. शंभर चिन्हांसाठी किमान दुरुस्ती-पातळीवरही ६१ बाय ६१ चौकटी लागतात आणि लहान लेबलवर त्या इतक्या बारीक होतात की साधा फोन अडखळतो. त्याऐवजी छोटा वेबपत्ता २५ बाय २५ चौकटींत मावतो. अपवाद सत्तरी, सांगे भागातल्या नेटवर्क नसलेल्या ठिकाणांचा. तिथे नाव, गाव आणि साहित्य एवढे थेट कोडमध्ये घातलेले बरे.

भाषेचा प्रश्न गोव्यात टाळता येत नाही. १९८७ च्या कायद्याने कोकणी राजभाषा झाली, मराठीचा वापरही शासकीय कामासाठी मान्य आहे, रोमी (रोमन) लिपीत कोकणी वाचणारे बरेच आहेत आणि पर्यटकांना इंग्रजी किंवा हिंदी हवी असते. एका सुपाभोवती चार कोड चिकटवणे हास्यास्पद दिसते. एकाच कोडवरून उघडणाऱ्या पानावर भाषा निवडू द्यावी. कारागिराच्या आवाजातले कोकणी निवेदन असेल तर ते पहिले ठेवावे. पानावर त्याचा फोन क्रमांक टाकण्याआधी त्याला विचारावे, ही साधी गोष्ट अनेकदा राहून जाते.

छपाईत पावसाचा विचार करावा लागतो. वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात साधा कागद फुगतो आणि चकचकीत लॅमिनेशनवर दिव्याची तिरीप पडते. मॅट प्लास्टिक किंवा भाजलेली टाइल टिकते. तांबड्या कावीवर पांढरा कोड शोभून दिसतो, पण उलट्या रंगांचा कोड सगळेच फोन वाचतात असे नाही. गडद चौकटी फिकट पार्श्वभूमीवर ठेवाव्यात आणि भोवती चार चौकटींएवढी मोकळी जागा सोडावी. आकार साधारणपणे वाचनाच्या अंतराच्या एक दशांश धरतात, म्हणजे अर्ध्या मीटरवरून पाच सेंटिमीटर.

यूपीआयमुळे कोड म्हणजे पैसे भरण्याची जागा, असे ग्राहकाच्या मनात पक्के बसले आहे. दोन्ही कोड शेजारी लावले तर एखादा माहितीच्या पानावर रक्कम शोधत बसतो आणि दुसरा माहितीसाठी वाकतच नाही. माहितीच्या कोडवर ठळक अक्षरांत 'माहिती' लिहून तो वस्तूला बांधावा, पैशाचा कोड गल्ल्यापाशी राहू द्यावा. कोणाचे नाव आणि कोणते साहित्य, हे पाटीवर साध्या अक्षरांत लिहायचेच. फोन खिशातून न काढणाऱ्यालाही ते वाचण्याचा हक्क आहे.

कोड असल्याने वस्तू अस्सल ठरते, हा समज चुकीचा आहे. यंत्रमागावरच्या चौकडी साडीलाही तसाच कोड डकवता येतो. काश्मीरच्या भौगोलिक मानांकन मिळालेल्या गालिच्यांना २०२२ पासून क्यूआर लेबल देतात. त्यामागे तपासणी आणि नोंदणीची यंत्रणा आहे. गोव्यातल्या छोट्या विणकराला तेवढा पसारा झेपणार नाही, पण प्रत्येक नगाला वेगळा क्रमांक, विणल्याची तारीख आणि विकला गेल्याची खूण एवढी वही त्याला किंवा त्याच्या बचतगटाला ठेवता येते. एकच क्रमांक दोन साड्यांवर आढळला, तर निदान विचारणा कुठे करायची ते कळते.