पार्श्वभूमी: मराठी कळफलक एक, सवयी चार

मोबाइलवर मराठी उमटवण्याचे आज चार मार्ग आहेत: रोमन अक्षरांतून, थेट देवनागरी कळांवरून, पडद्यावर बोटाने गिरवून आणि बोलून. नव्या फोनच्या बातम्या नि परीक्षणे मराठीत लिहायला लागलेली सोलापुरातली पोरे बहुतेक पहिल्याच मार्गाने जातात. शासनाने प्रमाण मानलेला इनस्क्रिप्ट कळफलक मात्र वेगळाच आहे आणि तो सफाईने चालवणारा माणूस शहरात शोधावा लागतो.

संगणकाआधीच्या मराठी टाइपरायटरवर अक्षर नव्हे, अक्षराचे तुकडे बसवलेले असत. भ, थ, ध, श यांसारखी अक्षरे अर्धा तुकडा आणि काना जोडून पुरी व्हायची. पहिली वेलांटी आधी दाबायची, व्यंजन मागून. डोळ्यांना दिसते त्या क्रमाने बोटे चालत. टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये याच सवयीवर मिनिटाला ३० नि ४० शब्दांच्या परीक्षा दिलेली एक अख्खी पिढी पुढे संगणकासमोर बसली.

१९८६ मध्ये केंद्र सरकारने इनस्क्रिप्ट हा कळफलक प्रमाण म्हणून पुढे आणला. त्याची मांडणी उच्चाराच्या क्रमाची आहे: आधी व्यंजन, मग स्वरचिन्ह. स्वर डाव्या हाताला, व्यंजने बहुतांशी उजव्या. इंग्रजी ‘के’च्या कळेवर क, ‘एल’वर त, ‘जे’वर र. शिफ्ट धरून ‘जे’ दाबले की ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’मधला ऱ, आणि शिफ्टसह ‘एन’ दाबले की ळ. खरी खुबी यापुढे आहे. हीच मांडणी तेलुगू, कन्नड, गुजराती, बंगाली अशा बहुतेक भारतीय लिप्यांना लागू होते. लिपी बदला, क त्याच कळेवर.

हा निर्णय सोलापूरसाठीच घेतला होता की काय, असे वाटावे. पूर्व भागातल्या पद्मशाली घरांतली लग्नपत्रिका मराठीत आणि तेलुगूत लागते, अक्कलकोटकडच्या गिऱ्हाइकाला कन्नड मजकूर हवा असतो. एकदा बोटे बसली की एकाच ऑपरेटरने तिन्ही कामे उरकावीत, अशी सोय कागदावर तयार होती. प्रत्यक्षात नव्वदच्या दशकात नवी पेठ आणि आसपासच्या डीटीपी (संगणकावर छपाईची पाने जुळवणाऱ्या) दुकानांत तेलुगूला वेगळा माणूस, कन्नडला वेगळा माणूस हीच रीत राहिली.

त्याचे खापर लोकांच्या आळसावर फोडले जाते, ते बरोबर नाही. टाइपरायटरवर हात बसलेल्याला इनस्क्रिप्ट म्हणजे पाटी पुसून पुन्हा श्रीगणेशा. दुकानात पान मोजून पैसे मिळतात. शिकण्याच्या काळात वेग पडला तर ते नुकसान कोण भरणार? शिवाय फाँट विकणाऱ्यांनी गिऱ्हाईक तोडायला नको म्हणून एकाच सॉफ्टवेअरमध्ये टाइपरायटर, फोनेटिक (रोमन अक्षरांतून उच्चारानुसार), इनस्क्रिप्ट असे सगळे पर्याय दिले. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक कीबोर्डवर देवनागरी अक्षरे नव्हतीच. फार तर स्टिकर चिकटवायचे, तेही महिन्या-दोन महिन्यांत घामाने सुटायचे. प्रमाण ठरवले, पण ते शिकवायचे कोणी, याची जबाबदारी कोणावरच नव्हती. पुढे राज्य शासनानेही युनिकोड (कुठल्याही यंत्रावर मजकूर तसाच दिसावा म्हणून अक्षरे साठवण्याची जागतिक पद्धत) आणि इनस्क्रिप्टच वापरा असे बजावले, तोवर बोटे पक्की झाली होती. निर्णय चांगला होता. राबवणूक भोंगळ होती, असेच म्हणावे लागेल.

विरोधी बाजूतही दम आहे. व्यापारी, विद्यार्थी, हौशी लेखक यांना इंग्रजी कळा आधीच ठाऊक असतात. त्यांनी दुसरा कळफलक का शिकावा? रोमनमधून लिहिताना न-ण, ल-ळ यांची गल्लत होते, ‘कळ’ऐवजी ‘कल’ उमटते, पण पहिल्याच दिवशी पान लिहून होते. इनस्क्रिप्टवाल्यांना हे आजही पटत नाही.

दुसरा गुंता साठवणुकीचा. जुन्या फाँटमध्ये संगणकाच्या लेखी मजकूर इंग्रजीच असे, फक्त त्यावर मराठी अक्षराचे चित्र चढवलेले असे. तो फाँट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की कंस, स्वल्पविराम आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे संकेतन, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला आकडा देण्याची पद्धत, प्रमाण झाले. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली, त्यातली देवनागरीची मांडणीही इस्कीवरूनच घेतलेली. पण विंडोजमध्ये देवनागरी उतरायला २००० साल उजाडले. नंतरच्या विंडोज एक्सपीवर तर सेटिंगमध्ये जाऊन वेगळी खूण करावी लागे आणि मूळ सीडी घालावी लागे. ती सीडी बहुतेकांकडे नसायची, कारण विंडोज कुठून आलेले असायचे ते सगळ्यांना माहीत आहे.

मोबाइलने हा वाद बाजूला सारला, पण नवे अडथळे आणले. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरे मावतात, देवनागरीत ७०. त्यातही काना, मात्रा, उकार वेगळे मोजले जातात: ‘सोलापूर’ लिहिले की सात जागा गेल्या. पैसे वाचवण्यासाठी लोक मराठी रोमनमध्ये लिहू लागले. आजची रोमन सवय तिथे पक्की झाली, असे माझे मत. सुरुवातीच्या अनेक अँड्रॉइड फोनवर तर मराठीच्या जागी नुसते चौकोन दिसत.

केंद्राने २०१६ मध्ये मोबाइलसाठी नियम काढला: २२ भाषांतला मजकूर वाचता आला पाहिजे, आणि लिहिण्याची सोय इंग्रजी, हिंदी व आणखी किमान एका भारतीय भाषेत असली पाहिजे. अंमलबजावणीची तारीख नंतर पुढे सरकली. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू शेजारी-शेजारी नांदणाऱ्या शहरात ‘आणखी एक’ म्हणजे नेमकी कोणती, हे नियमाने सांगितले नाही. स्मार्टफोनवाल्यांचे त्यावाचून अडले नाही. २०१७ मध्ये लोकप्रिय कीबोर्ड ॲपमध्ये भारतीय भाषांची भर पडली, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बोलून लिहिण्याची सोय आठ भारतीय भाषांत आली. त्या आठांत मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू या चारही होत्या. स्वस्त डेटा त्याआधीच, २०१६ च्या सप्टेंबरपासून, हातात आला होता. कळफलक न शिकलेली माणसे एकदम लिहिती झाली. विरामचिन्हे मात्र बहुतेक वेळा हाताने घालावी लागतात, आणि ‘प्रोसेसर’, ‘रिफ्रेश रेट’ असे शब्द आले की यंत्र कधी देवनागरी, कधी रोमन उमटवते. परीक्षणे लिहिणाऱ्यांचा अर्धा वेळ ते सारखे करण्यातच जातो.

छपाईच्या बाजूला जुने जग अजून शाबूत आहे. पत्रिकांची, हँडबिलांची, पावतीपुस्तकांची तयार डिझाइने जुन्या फाँटमध्येच आहेत. गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर युनिकोडमध्ये मजकूर पाठवते, दुकानदार तो कन्व्हर्टरमधून जुन्या फाँटमध्ये उतरवतो, आणि रफार किंवा ऱ्य असलेला शब्द नेमका तिथे मोडतो. म्हणून पत्रिका छापायला सोडण्याआधी आडनावे आणि गावांची नावे गिऱ्हाइकाकडून पुन्हा एकदा वाचून घेतली जातात.