दारूकाम आणि फटाके: माल एक, कसब वेगळं

सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेत किंक्रांतीच्या रात्री होम मैदानावर जे बघायला गाव लोटतं, ते शोभेचं दारूकाम. हल्ली 'फटाके बघायला चाललो' असंही कानावर येतं. मला ते पटत नाही. माल एकाच घराण्यातला असला, तरी कसब वेगळं आहे.

माल म्हणजे काळी दारू: साधारण 75 भाग सोरा (पोटॅशियम नायट्रेट), 15 भाग कोळसा, 10 भाग गंधक. तापलेला सोरा ऑक्सिजन सोडतो, त्यावर कोळसा आणि गंधक भडकतात आणि बघता बघता भरपूर वायू तयार होतो. त्या वायूला वाट कुठून दिली, यावर पुढचं सगळं ठरतं. भुईनळ्याचं तोंड वर असतं. वायू तिथून उसळताना मिश्रणातला लोखंडाचा कीस पेटवून सोबत नेतो. सोनेरी ठिणग्या दिसतात त्या या किसाच्या. चक्राला वाट कडेला असते म्हणून ते फिरतं, बाणाला खाली असते म्हणून तो वर जातो. सुतळी बॉम्बला वाटच ठेवलेली नसते. आत ॲल्युमिनियमची पूड घातलेली जास्त जलद दारू, बाहेर सुतळीचे आवळलेले वेढे. दाब असह्य झाला की वेष्टण फाटतं, तोच धडाका.

फटाका हे नाव या आवाजावरूनच पडलं आहे. कानडीतही पटाकीच.

'दारू'ची गोष्ट जास्त रंजक. शब्द फारसी, मूळ अर्थ औषध. आपल्या 'दवादारू'त तो अजून शाबूत आहे. पेट घेणाऱ्या भुकटीला औषधाचं नाव देणारे आपण एकटे नाही. ही भुकटी आधी चीनमध्ये तयार झाली आणि तिथलं तिचं नाव 'हुओयाओ', म्हणजे अग्नीचं औषध. इतक्या लांब जायचीही गरज नाही. सोलापुरातल्या कानडी घरात 'मद्दु' म्हणजे औषध, आणि बंदुकीची दारूही. तेलुगूतल्या 'मंदु'चे हेच दोन अर्थ, शिवाय पिण्याची दारू हा तिसरा. मराठी 'दारू'ला आज औषध हा अर्थ एकट्याने पेलत नाही, एवढाच फरक.

आकाशात फुटणाऱ्या गोळ्यात आवाज असतोच, पण तिथे स्फोटाचं काम पोटातल्या रंगीत गोळ्या पेटवून चहूकडे फेकण्याचं. लाल रंग स्ट्रॉन्शियमचा, हिरवा बेरियमचा, निळा तांब्याचा. यात निळा सगळ्यात अवघड. आच जरा जास्त झाली की निळा रंग देणारं तांब्याचं संयुग मोडतं आणि रंग फिका पडतो. आच कमी ठेवली तर उजेडच पडत नाही. होम मैदानावर नितळ निळा दिसला, तर पहिली टाळी त्याला द्या.