रिमिक्स की कोलॅब? चौकटींच्या व्हिडिओत नेमकं काय पाहायचं

पडद्यावर दहा-वीस चौकटी. एकीत कोणी ड्रम वाजवतोय, दुसरीत ट्रम्पेट, तिसरीत आपल्या खोलीत बसून कोणी गातंय. माणसं वेगवेगळ्या देशांतली, पण सूर जुळलेले. व्हिडिओखाली बहुधा ‘जगभरातले कलाकार एकत्र आले’ असं लिहिलेलं असतं आणि आपणही ते खरं धरून चालतो. कधी ते खरं असतं. कधी मात्र त्यातलं कोणीच एकत्र आलेलं नसतं. त्यांना एका ठिकाणी आणून बसवलेलं असतं.

कुटिमान या इस्रायली संगीतकाराने मार्च २००९ मध्ये ‘थ्रू यू’ ही व्हिडिओंची मालिका प्रसिद्ध केली. त्यासाठी त्याने एकाही वादकाला बोलावलं नव्हतं. कोणी गिटारचा धडा दिलेला, कोणी सराव करताना कॅमेरा लावून ठेवलेला, असे यूट्यूबवर आधीच पडून असलेले व्हिडिओ त्याने वेचले. त्यांचे तुकडे कापले, एकमेकांवर रचले आणि पूर्ण नवी गाणी उभी केली. कोणाचा व्हिडिओ कुठून घेतला, तेही सांगितलं. आपण एका बँडमध्ये वाजवतोय याची त्या वादकांना वाजवताना कल्पनाच नव्हती.

पुढच्याच वर्षी अमेरिकन संगीतकार एरिक व्हिटेकर याचा ‘व्हर्च्युअल कॉयर’, म्हणजे आभासी गायकवृंद, आला. दिसायला तसाच, चौकटीच चौकटी. पण इथे त्याने आधी स्वतः संचालन करतानाचा व्हिडिओ टाकला, स्वरलिपी उपलब्ध करून दिली आणि ‘आपापल्या घरून गाऊन पाठवा’ असं आवाहन केलं. १२ देशांतल्या १८५ जणांनी गाऊन पाठवलं. २०११ च्या दुसऱ्या प्रयोगात हा आकडा ५८ देश आणि २,०५२ आवाजांवर गेला.

पहिला रिमिक्स, म्हणजे आधीच असलेल्या तुकड्यांतून केलेली नवी रचना. दुसरा कोलॅब, म्हणजे ठरवून एकत्र केलेलं काम. वापरलेलं तंत्र मात्र जवळपास एकच. शेवटी दोन्हीकडे कोणीतरी कम्प्युटरसमोर बसून आवाज एकाखाली एक लावतो, खरखर काढतो, पुढेमागे सरकवतो, आवाजाच्या पातळ्या जुळवतो. त्यामुळे ‘कोणतं सॉफ्टवेअर वापरलं’ हा प्रश्न इथे कुचकामी आहे. वाजवणाऱ्याने वाजवलं तेव्हा त्याला काय माहीत होतं, हे विचारायला हवं.

हे नुसतं बघून ओळखता येतं का? बऱ्याचदा येतं. कान बघा. कोलॅबमध्ये बहुतेकांच्या कानात इअरफोन असतात, कारण प्रत्येक जण गाइड ट्रॅक (सोबतीला दिलेलं नमुना ध्वनिमुद्रण) किंवा क्लिक (लय दाखवणारी टिकटिक) ऐकत त्याच लयीत गातो. रिमिक्समधल्या माणसाला तशी गरज नसते. तो स्वतःच्या नादात वाजवत असतो, मध्येच कॅमेऱ्याशी बोलतो. दुसरी खूण म्हणजे पुनरावृत्ती. हाताची तीच हालचाल, मानेचा तोच झटका दर दोन मापांनी (ठरावीक मात्रांच्या गटांनी) परत आला, तर तो लूप आहे, म्हणजे छोटा तुकडा पुन्हा पुन्हा लावलेला आहे. कोलॅबमधला गायक सहसा आपला भाग सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग गातो, श्वास घेताना दिसतो, कधी पान उलटताना दिसतो.

सूर-लयीचं गणितही उलटं आहे. कोलॅबमध्ये पट्टी आणि लय आधी ठरते, माणसं त्यात बसतात. रिमिक्समध्ये माणसं आधी असतात. एकाची पट्टी वर, दुसऱ्याची लय संथ, आणि रचणाऱ्याला ते जुळवून घ्यावं लागतं. आवाज ताणता येतो, सूर वरखाली करता येतो, पण थोडाच. जास्त ताणला की आवाजाला धातूसारखी किनार येते. म्हणून रिमिक्समधलं खरं कौशल्य शोधण्यात आहे: मुळातच एकमेकांना लागू पडतील असे दोन अनोळखी तुकडे हुडकणं. मला स्वतःला याच कारणाने रिमिक्स जास्त भावतो. ठरवून केलेल्या चौकटींच्या व्हिडिओंना (२०२० मध्ये तर त्यांचा पूरच आला होता) एक गुळगुळीतपणा येतो. कोणी कोणाला ऐकलेलं नसतं, सगळ्यांनी क्लिक ऐकलेली असते.

खरी देवाणघेवाण हवी असेल तर इंटरनेटही लागत नाही. ‘द पोस्टल सर्व्हिस’ या अमेरिकन जोडीने २००३ च्या आपल्या अल्बमसाठी टेप टपालाने एकमेकांना पाठवल्या. एकाने संगीत रचून पाठवायचं, दुसऱ्याने त्यात बदल करून, वर गाऊन परत करायचं. नाव तिथूनच आलं.

‘मग सरळ थेट एकत्रच का वाजवत नाहीत?’ आड येतं अंतर. इंटरनेटवरून एकाचा आवाज दुसऱ्यापर्यंत पोचायला होणारा उशीर साधारण २५ ते ३० मिलिसेकंदांच्या वर गेला की लय घसरू लागते. प्रत्येक जण दुसऱ्यासाठी थांबतो आणि गाणं संथ होत जातं. एका खोलीत दहा मीटर अंतरावर उभं राहिलं तरी आवाज पोचायला जवळपास एवढाच वेळ लागतो. इंटरनेट वाहून नेणाऱ्या काचेच्या तारांमधून, म्हणजे फायबरमधून, प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे सहा हजार किलोमीटरसाठी ३० मिलिसेकंद नुसत्या प्रवासातच खर्च होतात. त्यावर यंत्रांचा वेळ वेगळा. स्टॅनफर्डमध्ये तयार झालेल्या ‘जॅकट्रिप’सारख्या सॉफ्टवेअरने हा यंत्रांचा वेळ बराच कमी होतो, प्रवासाचा होत नाही.

फरक सगळ्यात जास्त बोचतो तो हक्कांच्या बाबतीत. कोलॅबमध्ये होकार आधी असतो, रिमिक्समध्ये तो नंतर मिळतो किंवा मिळतच नाही. १९६९ मध्ये ‘द विन्स्टन्स’ या बँडच्या ग्रेगरी कोलमनने वाजवलेला काही सेकंदांचा ड्रमचा तुकडा हजारो गाण्यांत कापून लावला गेला. त्याला त्याचे पैसे कधीच मिळाले नाहीत. उलट उदाहरणही कुटिमानचंच. २०१४ मध्ये त्याने प्रिन्सेस शॉ या न्यू ऑर्लिन्सच्या गायिकेचा व्हिडिओ घेऊन गाणं रचलं. ते प्रसिद्ध झाल्यावरच तिला कळलं, आणि पुढे ती तेल अवीवला जाऊन त्याच्याबरोबर मंचावर गायली. म्हणजे रिमिक्स म्हणून सुरू झालेली गोष्ट कोलॅब झाली.

मधला एक रस्ताही आहे: मूळ कलाकारानेच स्टेम, म्हणजे गाण्यातला एकेक सुटा आवाज, लोकांना देऊन टाकायचा. ‘नाइन इंच नेल्स’ या बँडने २००५ मध्ये आपल्या एका गाण्याच्या गॅरेजबँड (अॅपलचं संगीत रचायचं सॉफ्टवेअर) फाइल्स अशाच खुल्या केल्या. इथे होकार आधी आहे, पण पुढे त्याचं कोण काय करेल हे देणाऱ्याला माहीत नसतं. मी याला रिमिक्सच म्हणेन.

स्वतःचं काही टाकत असाल तर क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना (आपली कलाकृती इतरांनी कशी वापरावी हे आधीच सांगणारा तयार परवाना) निवडताना एवढं बघा: ‘बीवाय’ असेल तर नाव देऊन कोणीही त्यावर रचना करू शकतं. ‘एनडी’ (बदल करून नवी रचना नको) जोडलेलं असेल तर तुमच्या तुकड्याचा रिमिक्स प्रसिद्ध करायला वेगळी परवानगी लागते, अगदी तो कोणाच्या व्हिडिओला पार्श्वसंगीत म्हणून जोडायचा असला तरी.