स्टर्जन संवर्धन (संरक्षणासाठी)

स्टर्जन हा उत्तर गोलार्धातील थंड नद्यांत अंडी घालणारा, अंगावर हाडाच्या कवचपट्ट्यांच्या पाच ओळी असलेला प्राचीन मासा आहे. बहुतेक जाती समुद्रात किंवा खाडीत वाढतात आणि अंडी घालायला नदीत चढतात. कॅव्हिअर म्हणजे याच माशाची खारवलेली गाबोळी. तिच्यासाठी मादी मारली जाते, आणि मादी वयात यायला अनेक जातींत दहा ते वीस वर्षे लागतात. त्यात धरणांनी वाटा अडवल्या. २०२२ मध्ये आययूसीएन या निसर्गरक्षणाच्या जागतिक संघटनेने स्टर्जन आणि त्यांचे भाऊबंद पॅडलफिश यांच्या उरलेल्या सर्व २६ जाती धोक्यात असल्याचे जाहीर केले. त्याच वेळी चिनी पॅडलफिश नामशेष ठरला. यांगत्से स्टर्जन आता फक्त माणसाने पाळलेल्या आणि सोडलेल्या माशांच्या रूपाने उरला आहे.

‘संवर्धन’ या एका शब्दाखाली दोन वेगळी कामे येतात. एक म्हणजे टाक्यांत मासे वाढवून बाजाराला गाबोळी पुरवणे, म्हणजे नदीतल्या माशांवरचा ताण कमी होईल ही अपेक्षा. दुसरे म्हणजे पिल्ले तयार करून नदीत सोडणे. पहिले काम नफ्यावर चालते, दुसरे सरकारी पैशावर. आणि दोन्हींना हवे असलेले मासेही सारखे नसतात.

प्रजननाचे तंत्र मात्र एकच. माशाच्या मेंदूखालच्या पोष ग्रंथीचा (पिट्युटरी) अर्क टोचून त्याला अंडी सोडायला लावण्याची पद्धत १९३० च्या दशकात सोव्हिएत शास्त्रज्ञ निकोलाय गेर्बिल्स्की यांनी स्टर्जनसाठी रुळवली. (आपल्याकडे हिरालाल चौधरी यांनी १० जुलै १९५७ रोजी कार्प माशांत हेच साधले, राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन त्याच तारखेला असतो.) पूर्वी अंडी काढताना मादीचा जीव जाई, आता अंडवाहिनीला आतून बारीकशी चीर देऊन अंडी दाबून काढतात व मादी पुन्हा पाण्यात सोडतात. स्टर्जनच्या अंड्याला शुक्राणू आत जाण्याची अनेक छिद्रे असतात. एकाहून अधिक शुक्राणू शिरले तर गर्भ बिघडतो, म्हणून नराचे वीर्य साधारण दोनशेपट पाण्यात पातळ करतात. फलित अंडी नदीत दगडांना चिकटावीत अशी निसर्गाची योजना असते. उबवणीच्या बरणीत तीच अंडी एकमेकांना चिकटून बुरशी धरतात. त्यावर उपाय अगदी साधा: बारीक चिकणमाती कालवलेल्या पाण्यात ती अर्धा-पाऊण तास हलवत राहायची.

फ्रान्समधील जिरोंद खाडीचे उदाहरण विशेष बोलके आहे. युरोपीय स्टर्जनच्या (ॲसिपेन्सर स्टुरिओ) मासेमारीवर तिथे १९८२ मध्ये बंदी आली. नैसर्गिक पैदास शेवटची दिसली १९९४ मध्ये. पुढच्याच वर्षी जाळ्यात आलेल्या रानटी माशांपासून पिल्ले मिळाली व त्यांतली काही प्रजनक म्हणून राखून ठेवली गेली. ती वयात येऊन बंदिस्त पाण्यात पहिली पैदास झाली ती २००७ मध्ये. बारा वर्षांची ही वाट व्यापारी शेतीला परवडली नसती. त्यानंतर २०१५ पर्यंत गारोन व दोर्दोन्य नद्यांत सुमारे १६ लाख पिल्ले सोडण्यात आली, बहुतेक अगदी इवली. जर्मनीच्या एल्बे नदीत याच साठ्यातील मासे २००८ पासून सोडले जात आहेत.

व्यापारी शेतीला लवकर वयात येणारे मासे हवेत, म्हणून ती सायबेरियन स्टर्जन किंवा संकरांकडे वळते. बेलुगा आणि स्टर्लेट या स्टर्जनच्याच दोन जातींचा ‘बेस्टर’ हा संकर सोव्हिएत संघात १९५२ मध्ये झाला. असे मासे निसटले की पंचाईत होते: डिसेंबर १९९९ च्या वादळात सायबेरियन स्टर्जन शेतांतून थेट जिरोंदमध्ये शिरले. महाराष्ट्राला हा धडा परका नाही. लोणावळ्यात पैदास केलेल्या महसीर माशाचे बीज कावेरीतही गेले आणि तिथल्या मूळच्या कुबडदार महसीरची जागा या जातीने घेतली.

चीनमधील यांगत्से नदीवरील गेझोबा धरणाने १९८१ मध्ये चिनी स्टर्जनची वाट बंद केली. यीचांग येथील संशोधन संस्था १९८० च्या दशकापासून पिल्ले सोडते आहे, तरीही २०१७ पासून या माशाची नैसर्गिक पैदास आढळलेली नाही. अंडी घालायला योग्य तळ आणि योग्य तापमानाचे पाणी टाकीतून पुरवता येत नाही. जिरोंदमध्ये सोडलेल्या माद्या आता वयात येत आहेत; समुद्रात जाळ्यात स्टर्जन आला तर तो जिवंत सोडून कळवावा, असे फ्रेंच मच्छीमारांना सांगून ठेवलेले आहे.